घाबरलेल्या घोडीवरचे उपचार

माझ्या दवाखान्यात पेशंट कधी खोटं बोलत नाहीत. खोटं बोलतो तो पेशंटची दोरी धरून आलेला माणूस. "शेळीनं काय खाल्लं?" असं विचारलं की "कायबी न्हाई, पाला खाल्ला" असं उत्तर येतं, आणि पोट फुगलेली शेळी ओठांवर शेजाऱ्याच्या ज्वारीचे दाणे घेऊन उभी असते. म्हणून कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की मालकाचं सगळं ऐकून घ्या, पण विश्वास ठेवा तो जनावराच्या उभं राहण्यावर. भार कुठल्या पायावर आहे, मान कशी धरली आहे, कान कुठे वळले आहेत, हे आधी बघायचं. थर्मामीटर नंतर.

हिंगोली-वाशीम रस्त्यावर, कनेरगाव नाक्यापासून थोडं आत असलेल्या एका गावात मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते. चार वर्षं झाली. या अंकासाठी लिहाल का, असा फोन आला तेव्हा मी आधी नाही म्हटलं. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. मराठीत लिहिलेलं शेवटचं मोठं काही म्हणजे दहावीचा 'माझा आवडता प्राणी' हा निबंध. त्यात मी ससा निवडला होता, कारण सशाबद्दल थोडक्यात आटोपता येतं. शिवाय पशुवैद्याकडून लोकांना बिबट्याच्या नाहीतर अजगराच्या गोष्टी हव्या असतात. माझ्याकडे म्हशी आहेत.

हा व्यवसाय मी निवडला त्याचं एक कारण असं की जनावरांशी बोलावं लागत नाही. मला बोलायला फारसं जमत नाही. प्रत्येक जनावरामागे चार माणसं असतात आणि चौघांना वेगवेगळं उत्तर हवं असतं, हे मला नोकरीच्या पहिल्या सोमवारी कळलं. सुदैवाने दवाखान्यात रहीममामा आहेत. ते आमचे परिचर, म्हणजे पट्टी धरण्यापासून रजिस्टर भरण्यापर्यंत सगळं करणारे. माझ्या वाटणीचं अर्धं बोलणं तेच बोलतात.

इथल्या माणसांची एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांना कागद लागतो. रुजू झाल्याच्या पहिल्याच पावसाळ्यात एक शेतकरी आला. त्याची म्हैस फक्त सुनेला पान्हा सोडायची आणि सून बाळंतपणाला माहेरी गेली होती. त्याला इंजेक्शन हवं होतं. रहीममामा म्हणाले, "इंजेक्शन काहून? बहूचं लुगडं नेसा, म्हशीला काय कळतं?" तो गेला. दोन दिवसांनी परत आला. म्हैस दूध देत होती, पण गावाने त्याला लुगड्यात पाहिलं होतं. त्याला आता माझ्याकडून लेखी हवं होतं की हे डॉक्टरांच्या सांगण्यावरून आहे. मी लिहून दिलं, खाली शिक्का मारला. त्यानंतर तो लुगडं नेसून खुशाल रस्त्याकडेच्या गोठ्यात धार काढायला बसू लागला. हातात शिक्क्याचा कागद असला की इथे कुणाला कशाचीच लाज वाटत नाही.

नागोराव आले तेव्हा सोयाबीन निघून गेलं होतं. वय एकोणसत्तर. घर मेंढरं राखणारं. थोडी शेतीही आहे, पण संक्रांत झाली की मेंढरं घेऊन रानोमाळ चालायचं, आणि संसाराचं ओझं घोडीच्या पाठीवर. नऊ वर्षांचे असल्यापासून ते घोड्यावर बसत आलेले. त्यांच्या घोडीचं नाव रेशमा. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, पाय स्वच्छ.

मला आधी दिसलं ते हे की घोडीवर खोगीर कसलेलं होतं आणि नागोराव पायी होते. सहा-सात किलोमीटर ते तिला दोरीला धरून चालत घेऊन आले होते. धोतराची एक बाजू मातीने माखलेली.

"म्याडम, हिच्यात खोड निघाली," ते म्हणाले. "दोन महिन्यांत तीनदा पाडलं मला. लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"घोडी खोडीची हाय म्हणून."

घोडा बाळगणारी माणसं घोड्याच्या अंगावरचे भोवरे वाचतात. केस जिथे गोल फिरतात तो भोवरा. कंठावर असला तर देवमण, घरात बरकत. भलत्या जागी असला तर ती खोड, मालकाला पाडणार. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही, रहीममामांनी शिकवलं. नागोरावांचं म्हणणं असं होतं की रेशमाच्या अंगावर नुकताच एक वाईट भोवरा निघालेला आहे.

"भोवरा जन्माचा असतो ना?" मी विचारलं.

"असतो. हा मागाहून निघाला."

"कुठे आहे?"

"तेच सापडून न्हाई राहिलं."

रहीममामांनी चष्मा लावला आणि टॉर्च घेऊन भर दिवसा घोडीच्या पोटाखाली शोधायला सुरुवात केली. मी माझ्या पद्धतीने तपासलं. ताप नाही, नाडी शांत, डोळे स्वच्छ. चारही खूर दाबून पाहिले. खोगीर काढून पाठीवरून बोट फिरवलं, कुठे दुखणं नाही. दातांवरून वय नऊच्या आसपास. घोडी इतकी धडधाकट होती की मला थोडी लाज वाटली, आपण हिचा वेळ घेतोय म्हणून.

मग मी पडण्याबद्दल विचारलं. पहिल्यांदा ते नाक्यावर पडले. तिथे एका नव्या ढाब्याने दारात फुग्याचा नाचणारा माणूस उभा केला आहे. खालून हवा सुटते आणि तो दोन मजले उंच लाल माणूस हात उडवत वाकतो, उठतो, पुन्हा वाकतो. रेशमाने त्याला पाहिलं आणि ती बाजूला झाली. नागोराव तिच्यासोबत बाजूला झाले नाहीत. दुसऱ्यांदा त्याच जागी, तेव्हा फुग्या बंद होता. "तो आता उठंन, आता उठंन म्हणता म्हणता मीच लगाम आवळला," असं त्यांच्या तोंडून निसटलं, आणि ते पटकन म्हणाले, "म्हंजे घोडीनं वढला."

"आणि तिसऱ्यांदा?"

ते घोडीच्या आयाळीकडे बघत राहिले. "घरी."

"पळाली?"

"उभी होती."

उभ्या घोडीवर चढताना ते पलीकडे सोयाबीनच्या कुटारात पडले होते. कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा. लागलं काही नव्हतं. हे सांगताना त्यांनी खोगिराच्या कडेला हात टेकवला आणि मला त्यांचा गुडघा दिसला. धोतराच्या आत तो बारीक थरथरत होता. रेशमाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मला निदान कळलं. फक्त ते चुकीच्या पेशंटचं होतं.

एवढ्यात त्यांचा मुलगा ज्ञानोबा मोटारसायकलवरून आला. त्यालाही दाखला हवा होता. महिन्या-दीड महिन्यावर माळेगावची यात्रा होती, तिथे दुरून दुरून घोडे विकायला येतात, आणि त्याला रेशमा विकायची होती.

"घोडी तंदुरुस्त हाय असं लिहून द्या म्याडम."

"खोडीची हाय असं लिहून द्या," नागोराव म्हणाले.

"बाबा, खोडीची लिहिली तर घेईन कोण?"

"मंग इकू नको."

"ठेवून करायचं काय? तुमी बसत न्हाई."

"खोडीच्या घोडीवर कोण बसंन?"

ज्ञानोबा मला बाजूला घेऊन गेला. तो वाईट माणूस नाही. "म्याडम, बाप हाय माझा," तो हळू आवाजात म्हणाला. "आज कुटारात पडला. उद्या दगडावर पडला तर मांडीचं हाड जाईन. घोडी डोळ्यापुढं असली का त्यानं बसायचंच पाहणं, आन् बसलं का पडणं. घोडी गेली का तकलीफ गेली."

एकाच घोडीचे, एकाच दिवशी, एकाच शिक्क्याचे दोन दाखले माझ्याकडे मागितले जात होते. तंदुरुस्त लिहिलं तर घोडी माळेगावला जाणार आणि नागोराव घाबरतात हे शिक्क्यानिशी सिद्ध होणार. खोडीची लिहिलं तर ते खोटं. मी कुणाला तोंडावर काही सांगू शकणारी बाई नाही, एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला तर नाहीच. मी तिसराच कागद लिहिला: घोडीवर उपचार सुरू आहेत, पूर्ण होईपर्यंत विक्री करू नये.

"बीमारी काय टाकू रजिस्टरात?" रहीममामांनी विचारलं.

"भय."

"कोणाचं?"

"घोडीचं."

मामांनी रेशमाकडे पाहिलं. ती दवाखान्याच्या रजिस्टरचं पुठ्ठ्याचं कव्हर चावत उभी होती. त्यांनी ते तिच्या तोंडातून सोडवलं आणि लिहिलं.

मी नागोरावांना समजावलं. म्हणजे एका दमात एवढं मी त्याआधी कुणाशी बोलले नव्हते. घोडीच्या अंगात खोड नाही, तिने भीती घेतली आहे. माणूस पाठीवर असला की तो पडणार असं तिला वाटतं. ही भीती हळूहळू काढावी लागेल. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं तिच्या पाठीवर हात ठेवून उभं राहायचं. मग तीन दिवस खोगिरावर सरकी पेंडीचं अर्धं पोतं. मग तीन दिवस माणसाने पोत्यासारखं पोटावर आडवं पडायचं, पन्नास आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही. मग रोज पाच मिनिटं नुसतं बसायचं, घोडी चालवायची नाही. नव्या शिंगरांना माणसाची सवय अशीच लावतात. मी फक्त शिंगरू बदललं होतं.

नागोरावांनी लक्ष देऊन ऐकलं. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं.

"बिचारी," ते घोडीला म्हणाले. मग मला, "हे जेवायच्या आधी का नंतर?"

"कुणाच्या जेवणाच्या?"

"तेच इचारून राहिलो."

मी "नंतर" म्हटलं. रहीममामा म्हणाले, औषध न देता पाठवलं तर गुण येणार नाही. म्हणून उपचारांच्या चिठ्ठीसोबत एक डबा खनिज मिश्रण दिलं. ते कुठल्याही जनावराला चालतं.

रोज संध्याकाळी मला नागोरावांच्या बायकोचा, गयाबाईंचा फोन येऊ लागला. अंगात कुणाची भीड नसलेली बाई. त्यांना मी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, पण आवाजावरून उंच असतील असं वाटलं होतं. पुढे भेटल्या तेव्हा माझ्या खांद्याला लागत होत्या.

"हात ठेवून उभे हायत," पहिल्या दिवशी रिपोर्ट आला. "दोघं बी येकाच बाजूला बघून राहिले. नवरा-बायकोवानी."

पाचव्या दिवशी: "औषध चाटून राहिले."

"चांगलं आहे. आवडतंय तिला?"

"घोडी न्हाई, म्हातारं. म्हणते, मी खाल्लं का ती खाते."

मी विचारलं किती खाल्लं. चमचाभर. मी म्हटलं, बंद करा.

आठव्या दिवशी: "म्हातारं घोडीवर आडवं पडलं होतं. खालून शेळी आली आन् धोतर खाऊ लागली."

"मग?"

"मंग काय? पन्नासपस्तोर हालायचं न्हाई म्हणून तुमीच लिहिलंय. न्हाई हाललं. धोतर गेलं."

मी फोन ठेवल्यावर बराच वेळ समाधानात होते. कॉलेजातल्या कुणालाच असं काही सुचलं नसतं, असंही मला वाटून गेलं.

बाराव्या दिवशी शेळ्यांच्या लसीकरणासाठी आम्ही त्यांच्याच गावात गेलो. गाव विलक्षण शांत होतं. पिठाची गिरणी बंद होती. मारुतीच्या देवळातला भोंगा गुणगुणल्यासारखा वाजत होता. रस्त्यात एका बाईने पोरांना ओढून बाजूला घेतलं आणि आम्हाला म्हणाली, "हळू बोला. घोडी भ्यालेली हाय."

नागोरावांच्या अंगणात रांग होती. रांगेत सतरा माणसं. सरपंच, गिरणीवाला, दोन म्हातारे, आणि मीटर बघायला आलेला लाईनमन सुद्धा. रेशमा मधोमध उभी होती आणि तिच्या पाठीवर आरोग्य खात्याच्या आशाताई बसल्या होत्या, पदर खोचून, अगदी सरळ. समोर नागोराव हातात मोबाईल घेऊन उभे होते.

"पाच मिनिटं झाले," ते म्हणाले. "उतरा. पुढचा."

मी माझी चिठ्ठी मागितली. खोगिराच्या पट्ट्याला प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली होती. त्यावर माझ्याच अक्षरात होतं: 'घोडीच्या पाठीवर रोज पाच मिनिटे बसावे.' कुणी बसावे, ते लिहिलेलं नव्हतं.

"गावानं लई साथ दिली म्याडम," नागोराव म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "जितके जास्त बसतीन तितकी भीती लवकर जाईन. मी टाईम बघतो."

"तुम्ही बसलात?"

"मी बसलो तर टाईम कोण बघंन?"

ज्ञानोबा पुढे आला. "घोडी बराबर झाली. अर्धं गाव बसलं, शेपटी बी हालवली न्हाई. आता तंदुरुस्तीचा दाखला देऊन टाका. माळेगावला टेम्पो ठरवला."

तो बरोबर बोलत होता. उपचार पूर्ण झाले होते. मी ज्या घोडीला आजार नव्हता तिला पूर्ण बरं केलं होतं, आणि तिला विक्रीसाठी तयार करून दिलं होतं. नागोरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मोबाईलवरची मिनिटं बघत होते, जरी आता पाठीवर कुणीच नव्हतं.

मला एवढंच सुचलं की आधी माणसं हटवावीत. मी लांब थर्मामीटर काढलं आणि घोडीची शेवटची तपासणी करायची आहे म्हटलं. थर्मामीटर कुठे लावतात हे सगळ्यांना माहीत होतं. सरपंच गंभीर झाले. "चला रे," ते म्हणाले, "बाईमाणूस हाय ती." सगळे पुरुष अंगणाच्या टोकाला जाऊन पाठ करून उभे राहिले. रहीममामांनीही पाठ केली, सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर. माझ्याजवळ राहिले नागोराव आणि गयाबाई.

"नागोराव," मी म्हटलं, "भीती घोडीला नाहीये."

"मंग कोणाला?"

"तुम्हाला."

त्यांनी मोबाईल बंडीच्या खिशात घातला. मग म्हणाले, "लिहून देऊन राहिल्या का?"

"नाही. हे लिहिणार नाही."

"मंग ठीक हाय."

"मला पयल्या दिवशीच माहीत होतं," गयाबाई म्हणाल्या. "घोडीला भ्या म्हणे. ती घोडी लाईनमनला भ्याली न्हाई."

"तू गप बस," ते म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. ते गव्हाणीच्या कडेला टेकले. दगडाची गव्हाण, जनावरांचा चारा टाकतात ती. "म्याडम, पडायची भीती न्हाई मला. किती पडलो याचा हिशोबच न्हाई. पैनगंगेत पडलो. निवडुंगात पडलो. एका वरातीत नवरदेवाच्या अंगावर पडलो. लोक हासायचे. आपण बी हासायचं, धोतर झटकायचं, परत चढायचं. यंदा उभ्या घोडीवरून पडलो तर येक माणूस हासला न्हाई. सगळे धावले. एकानं पाणी आणलं. पोराचे डोळे भरले. कोणी म्हणलं, बाबाला सावलीत निजवा." ते थांबले. "तवापासून रिकिबीत पाय घातला का मला ती माणसं दिसतात. तांब्या घेऊन."

हे कुठल्या आजाराचं लक्षण म्हणून मी वाचलेलं नव्हतं.

"येवढंच व्हय?" गयाबाई म्हणाल्या. "मी हासली असती. मी आत भाकरी करत होती. मला कोणी बलावलं न्हाई."

"तू हासली असती?"

"लगीन झाल्यापासून हासून राहिली."

नागोरावांनी बायकोकडे पाहिलं, मग घोडीकडे. मग कुणाला काही न विचारता ते गव्हाणीवर चढले, रेशमाला जवळ ओढलं, आयाळ धरली आणि पाय टाकला. पाय पलीकडे गेला. त्याच्या मागोमाग बाकीचे नागोरावही पलीकडे गेले, आणि कुटाराच्या ढिगात धप्प आवाज झाला.

पाठ करून उभी असलेली सगळी माणसं एकदम वळली. लाईनमन सगळ्यात पुढे धावला, गिरणीवाला तांब्याकडे. ज्ञानोबा पांढरा पडला होता.

गयाबाईंनी हात वर केला. "कोणी यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. आणि त्या हसायला लागल्या. बारीक नाही, पोट धरून. कुटारातून नागोरावांचं डोकं वर आलं, भुवयांवर सोयाबीनच्या शेंगांची टरफलं. मी तोंडावर हात ठेवला. माझं हसू उचकीसारखं येतं, म्हणून मी चारचौघांत हसत नाही. ते आलं. मग रहीममामांचं. मग अंगणाच्या टोकाला सरपंच थरथरू लागले, आणि बारा दिवस कुजबुजणारं गाव त्या एका क्षणात मोकळं झालं. लाईनमनला खाली बसावं लागलं. फक्त ज्ञानोबा हसत नव्हता.

"ज्ञान्या," नागोराव ढिगातून म्हणाले, "तुहं काय मेलं?"

तेव्हा तोही हसला, आणि हसता हसता डोळे पुसू लागला.

नागोराव उठले. त्यांनी धोतर झटकलं. गयाबाईंना म्हणाले, "लई दात दिसून राहिले तुहे," आणि पुन्हा गव्हाणीवर चढले. या खेपेला त्यांनी आयाळ घट्ट धरली, आधी पोटावर आडवे झाले, पोत्यासारखे, मग हळूहळू सरळ होऊन बसले. चेहरा राखेच्या रंगाचा. रेशमा वाट न बघता चालू लागली, गिरणीला एक फेरी मारली आणि परत येऊन उभी राहिली. मी फक्त त्यांच्या गुडघ्याकडे बघत होते. थरथर होती. पण तो घोडीच्या अंगाला टेकलेला होता, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

दवाखान्याच्या रजिस्टरात रेशमाच्या नावापुढे आजही 'भय' आणि 'पूर्ण बरे' असं आहे. ती खोटी नोंद आहे आणि ती मी केली आहे. मला त्याचं वाईट वाटतं, पण खोडायला गेले तर त्या जागी काय लिहायचं ते सुचत नाही. जास्त वाईट याचं वाटतं की पहिल्याच दिवशी, त्यांचा गुडघा दिसला तेव्हाच, मी सरळ विचारायला हवं होतं. बारा दिवस आणि एक धोतर वाचलं असतं. मी विचारलं नाही कारण घाबरले होते. माझ्यासाठी कुणी चिठ्ठी लिहिली नाही.

मी घोड्यावर बसते का, असं नंतर गयाबाईंनी एकदा विचारलं. मी नाही म्हटलं. का, ते त्यांना सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही.

यात्रेच्या चार दिवस आधी नागोराव दवाखान्यात आले, घोडीवर बसून. नाक्यावरून आले. ढाब्याचा फुग्या लाईट गेल्यामुळे रस्त्याकडेला आडवा पडला होता, त्यामुळे त्या बाबतीत काय झालं असतं ते सांगता येत नाही. त्यांच्या मागे, माणूस चालेल त्या वेगाने, ज्ञानोबा मोटारसायकलवर. गाडीच्या मागे सुतळीने प्लास्टिकची खुर्ची बांधलेली.

"खुर्ची कशाला?" मी विचारलं.

"कुठं उतरले तर चढायला लागते." तो डोळे चोळत होता, सहा किलोमीटर घोडीची धूळ खाल्ली होती. "टेम्पो सांगून दिला नको म्हणून. घोडी गेली तर हे माह्या गाडीवर मागं बसतीन आन् गाडी कशी चालवायची ते शिकवतीन."

मी दाखला लिहिला: घोडी निरोगी व तंदुरुस्त. आता त्याची कुणालाच गरज नव्हती, पण मागितला म्हणून दिला. रहीममामांनी तो वर हात करून नागोरावांना दिला, मग चहाही तसाच वर दिला. नागोराव खाली उतरले नाहीत. त्यांनी चहा पिऊन कप खाली दिला, दाखल्याची घडी करून बंडीच्या खिशात घातली आणि घोडी वळवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गयाबाईंचा फोन आला.

"म्याडम, म्हातारं सकाळपासून बसून हाय. गिरणीवर जाऊन आलं, सरपंचाच्या दारी जाऊन आलं, घराघरापुढं उभं राहून सगळ्याची खुशाली इचारून राहिलं. भाकर वाढली, तर म्हणते हातात आणून दे. उतरतच न्हाई. याच्यावर काई औषध हाय का?"

मी थोडा विचार केला.

"हातात देऊ नका," मी म्हटलं. "भूक लागू द्या."